परवान्याची मोजणी आणि आवृत्त्यांचा हिशोब



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही मोजणीवर बोलू असे सांगितले. कामगार चळवळीत ज्याचे आयुष्य गेले, त्याला याहून जवळचा विषय दुसरा कोणता असणार? किती वार कापड विणले, किती तास भरले, किती नग बाद झाले, बहुतेक तंटे अखेर येथेच येऊन ठेपतात. १८७७ साली याच नागपुरात एम्प्रेस मिलचा भोंगा वाजू लागला. ती गिरणी २००२ साली बंद झाली. भोंगा गेला, मोजणी मात्र गेली नाही. ती आता संगणकाच्या पडद्यामागे जाऊन बसली आहे, आणि तेथे ती आपल्याला दिसत नाही. म्हणून आज संगणकाच्या प्रोग्रामचा परवाना, त्याचा वापर कसा मोजला जातो आणि जुन्या-नव्या आवृत्त्यांमध्ये त्याचे बिल कसे लागते, हे आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. इतवारीतला व्यापारी म्हणतो, ‘आम्ही प्रोग्राम विकत घेतला.’ त्याने प्रोग्राम घेतलेला नसतो, तो वापरण्याची परवानगी घेतलेली असते. आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न दोन अंगांनी आला. ५ नोव्हेंबर २००४ रोजी टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात असा निर्णय झाला की, तबकडीवर विकला जाणारा तयार प्रोग्राम हा ‘माल’ होय आणि त्यावर विक्रीकर लागतो. पुढे २ मार्च २०२१ रोजी इंजिनिअरिंग अ‍ॅनॅलिसिस सेंटरच्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की, ग्राहकाला मिळते ती एक प्रत आणि ती वापरण्याची मर्यादित मुभा. मूळ लेखनाधिकार कर्त्याकडेच राहतो. म्हणजे वस्तू हातात आली तरी तिच्याबरोबर अटी येतात, आणि अटी आल्या की मोजणी आलीच.

ही मोजणी नवी नाही. आयबीएम कंपनी आपली अवजड यंत्रे भाड्याने देत असे, त्या काळी भाड्यात महिन्याचे १७६ तास धरलेले असत. दिवसाचे आठ तास, महिन्याचे बावीस दिवस, करा गुणाकार! त्यापुढे यंत्र चालले की जादा आकार. यंत्रालाच मीटर बसविलेला असे. माणसाच्या आठ तासांसाठी जगभरच्या कामगारांना रक्त सांडावे लागले, यंत्राचे आठ तास मात्र कंपनीने पहिल्या दिवसापासून करारात लिहून ठेवले होते! त्या वेळी प्रोग्रामची किंमत निराळी लावीत नसत, ती यंत्राच्या भाड्यातच मिसळलेली असे. २३ जून १९६९ रोजी आयबीएमने जाहीर केले की, यापुढे यंत्र वेगळे आणि प्रोग्राम व सेवा वेगळ्या. प्रोग्रामचा स्वतंत्र बाजार तेथून फोफावला.

आता मोजण्याच्या रीती पाहू. त्या मुख्यतः तीन आहेत. पहिली यंत्रावर: ज्या संगणकावर प्रोग्राम बसविला, त्याचा एक परवाना. दुसरी माणसावर: नाव नोंदवा, तो माणूस कोठेही बसो, परवाना त्याचा. तिसरी एकाच वेळी चालणाऱ्या वापरावर, आणि खरी गंमत हिच्यात आहे. सार्वजनिक वाचनालयात एका पुस्तकाच्या दहा प्रती आहेत. सभासद शंभर असोत, एका वेळी पुस्तक दहाच जणांकडे असेल. तद्वत कचेरीतल्या एका संगणकावर परवान्यांचा कारकून बसविलेला असतो. हा कारकून म्हणजे सुद्धा एक प्रोग्रामच. कोणी काम उघडले की तो एक परवाना देतो, बंद केले की परत घेतो, आणि वहीत लिहितो: कोणी घेतला, कोणत्या यंत्रावर, किती वाजता, परत केव्हा केला. दहा संपले की अकराव्याला नाही म्हणतो. काही करारांत सोय म्हणून अकरावा-बारावाही देतात, आणि मागाहून त्याचे बिल येते.

येथवर सरळ आहे. घोळ सुरू होतो तो आवृत्त्यांपासून. प्रोग्राम काही पोळपाट नव्हे की एकदा घेतला आणि पिढ्यान्‌पिढ्या चालला. त्याची नवी आवृत्ती येते, पुन्हा नवी येते. साधारण नियम असा की, वरच्या आवृत्तीचा परवाना खालच्या आवृत्तीला चालतो, खालचा वरच्याला चालत नाही. पहिल्या वर्गाचे तिकीट काढणारा दुसऱ्या वर्गात बसू शकतो, उलट बसला तर दंड! परंतु एकाच माणसाने एकाच यंत्रावर जुनी आणि नवी अशा दोन्ही आवृत्त्या एकदम उघडल्या, तर परवाना एक मोजावा की दोन? याचे उत्तर यंत्रात नसते, ते करारात असते. कोठे माणूस आणि यंत्र एकच असेल तर एक धरतात, कोठे जितक्या वेळा उघडले तितके धरतात.

हा प्रश्न पुस्तकी नाही. एका कारखान्याच्या नकाशा-विभागातील प्रकरण आमच्यापुढे आले होते. परवाने दहा, बिल आले बाराचे. व्यवस्थापनाने दोघा आरेखकांना कारणे दाखवा नोटीस दिली की, तुम्ही परवान्याबाहेर काम का केले? आम्ही ती वही मागितली. पुष्कळ ओढाताण झाल्यावर ती मिळाली. वहीत नावे पाहिली तर माणसे दहाच! दोघांच्या नावापुढे त्याच यंत्रावर त्याच वेळी दोन-दोन नोंदी होत्या, एक जुन्या आवृत्तीची आणि एक नव्या. ते तसे का करीत होते? कारण गिऱ्हाइकाकडे जुनीच आवृत्ती होती. नव्यात काढलेला नकाशा त्याला उघडत नसे, म्हणून तो जुन्यात उघडून, तपासून पाठवावा लागे. ऑटोकॅडचे काम करणाऱ्यांना हे ठाऊक आहे. त्याच्या नकाशाच्या फाइलीची घडण २०००, २००४, २००७, २०१०, २०१३ आणि २०१८ अशा आवृत्त्यांत बदलत आली आहे. म्हणजे दोघे चोरी करीत नव्हते, मालकाचेच काम करीत होते. मग करार उघडला. त्यात लिहिले होते की, एका माणसाने एका यंत्रावर उघडलेल्या आवृत्त्या एकच परवाना धराव्या. नोटिसा मागे घेतल्या गेल्या. नोटीस लिहिण्यापूर्वी ना कोणी वही पाहिली होती, ना करार वाचला होता.

श्रोतेहो, त्या वहीत आणखी एक विषय दडलेला आहे. ती परवान्यांची वही असते, पण तिच्यात माणसाचे नाव आणि वेळ असते. मग कोणा शहाण्याच्या मनात येते की, हिचेच हजेरीबुक का करू नये? अमुक कारकुनाचा प्रोग्राम दुपारी अर्धा तास बंद होता, काप त्याचा पगार! परंतु प्रोग्राम उघडा असणे म्हणजे काम होणे नव्हे, आणि बंद असणे म्हणजे आळस नव्हे. आरेखक पेन्सिल घेऊन विचार करीत बसतो, तेव्हा वहीत तो कोठेच नसतो. उलट पडदा उघडा ठेवून चहाला गेलेला तेथे कामसू ठरतो! ज्या कामासाठी माप घेतले, त्याच कामासाठी ते वापरावे. कापडाच्या गजाने ताप मोजू नये.

आता नेहमीच्या व्यवहारातले उदाहरण घेऊ. आपल्या गावात पतसंस्थेपासून किराणा दुकानापर्यंत टॅली हा हिशोबाचा प्रोग्राम पोचला आहे. त्याचा कायमचा परवाना मिळतो. एका वापरकर्त्याचा ‘सिल्व्हर’ आणि एकाच जाळ्यातील अनेकांचा ‘गोल्ड’. त्यास दरसालचे एक सेवाशुल्क जोडलेले आहे. ते भरले नाही म्हणून जुना प्रोग्राम थांबत नाही. मात्र मुदत संपल्यानंतर निघालेली आवृत्ती त्या परवान्यावर चालत नाही. ही रीत आम्हांस पुष्कळ प्रामाणिक वाटते. पण कायदा मध्ये येतो. १ एप्रिल २००५ रोजी महाराष्ट्रात व्हॅट आला, १ जुलै २०१७ रोजी देशभर जीएसटी आला. कराचा साचा बदलला की जुनी आवृत्ती असून नसल्यासारखी होते. दुकानदाराला नवी आवृत्ती हौसेने घ्यावयाची नसते, सरकारी विवरणपत्र भरण्यासाठी घ्यावी लागते. कागदावर परवाना कायमचा असतो, व्यवहारात तो पुढच्या कायद्यापर्यंतचा असतो.

इतर ठिकाणी ‘कायमचा’ हा शब्दही गेला. छपाईच्या कामातले अनेक प्रमुख प्रोग्राम बनविणाऱ्या अ‍ॅडोबीने २०१३ साली यापुढे नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीनेच मिळतील असे जाहीर केले. ऑटोकॅडच्या कंपनीने २०१६ साली नवे कायमचे परवाने विकणे बंद केले, आणि २०२० पासून एकत्र वापराच्या परवान्यांऐवजी नावावरच्या परवान्यांकडे मोहरा वळविला. वाचनालयाच्या दहा प्रतींत शंभर सभासद भागत होते, आता प्रत्येकाने आपली प्रत घ्यावी! दोन पाळ्यांत एकच परवाना वापरणाऱ्या लहान कारखान्यास यात काय सोसावे लागते, ते हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत जाऊन विचारावे. वर्गणी थांबली की प्रोग्राम थांबतो, आणि मग स्वतःच्याच कष्टाने काढलेल्या फाइली स्वतःला उघडता येत नाहीत.

याचा अर्थ प्रोग्राम फुकट मिळावा असे आमचे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. प्रोग्राम लिहिणारासुद्धा कामगारच आहे. मिहानमध्ये बसून रात्रपाळी करणारी मुले आपलीच आहेत. श्रमाचे मोल द्यावे ही तर आमची पहिली मागणी. चोरून वापरणे गुन्हाही आहे. १९५७ च्या लेखनाधिकार कायद्यातील कलम ६३-ब प्रमाणे, जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरणारास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. आमचा आक्षेप दामावर नाही, मापावर आहे. कळमन्याच्या बाजारातल्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. शेतकरी तो शिक्का पाहून धान्य घालतो. येथे काटा विकणाराचा, वही विकणाराची, आणि तपासणीस येणारा माणूसही पुष्कळदा त्याचाच! ज्याला बिल भरावयाचे, त्याला काटा पाहण्याचा हक्क नको काय?

तेव्हा करावे काय? करारावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून घ्याव्या: मोजणी यंत्राची, माणसाची की एकाच वेळच्या वापराची. जुनी-नवी आवृत्ती एकत्र उघडल्यास किती धरणार. आणि वर्गणी थांबल्यावर आपल्या फाइली आपल्याला कशा मिळणार. वहीची प्रत दरमहा आपल्याजवळ ठेवावी, वर्षाअखेर तपासनीस दारात आल्यावर शोधू नये. कामगारांनी मागावे की, ही वही शिक्षेसाठी वापरली जाणार नाही असे लेखी द्या. आणि जेथे जमेल तेथे मुक्त प्रोग्राम घ्यावेत. केंद्र सरकारनेच २०१५ साली आपल्या कचेऱ्यांसाठी मुक्त प्रोग्रामना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आहे. तेही आपोआप चालत नाहीत, शिकवणारा आणि सांभाळणारा माणूस लागतो, त्याला पगार द्यावा लागतो. पण तो पैसा गावातल्या माणसाच्या हाती पडतो.

गिरणीतल्या आमच्या वडीलधाऱ्या मंडळींना इंग्रजी येत नव्हते, पण आपले कापड किती वार भरले हे ते स्वतः मोजून पाहत आणि मगच सही करीत. यंत्र बदलले म्हणून ही सवय सोडण्याचे कारण नाही.