दुखत नाही म्हणजे बरं झालं नाही

पायाच्या अंगठ्याच्या हाडाचं ऑपरेशन झाल्यावर काय काळजी घ्यावी, यावर बोलण्यासाठी मला रेडिओवर दहा मिनिटं दिली आहेत. मला खरं तर एकच वाक्य सांगायचं आहे. गॅसवर दूध ठेवून ऐकत असाल तर तेवढं वाक्य घेऊन उठा : दुखत नाही म्हणजे बरं झालं, असं नाही.

अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला येणारा तो उंचवटा तुम्ही पाहिलेला आहे. स्वतःच्या नाही तर आईच्या, मावशीच्या पायावर. डॉक्टर त्याला बनियन म्हणतात आणि फायलीवर हॅलक्स वाल्गस असं लिहितात. आपण म्हणतो, 'हाड वाढलंय.' तसं ते फारसं वाढलेलं नसतं. अंगठ्यामागचं पावलातलं लांब हाड आतल्या बाजूला सरकतं आणि अंगठा उलट दिशेला, शेजारच्या बोटावर कलतो. त्यातून जो कोन होतो त्याचं टोक आपल्याला बाहेरून दिसतं आणि चपलेला घासतं. म्हणून नुसतं घासून, तासून भागत नाही. बहुतेक वेळा सर्जन ते लांब हाड कापतात, जागेवर सरकवतात आणि स्क्रूनं धरून ठेवतात. म्हणजे काय झालं? ते मुद्दाम केलेलं फ्रॅक्चर झालं. हात मोडला की सहा आठवडे प्लास्टर लागतं हे आपल्याकडे शाळेतलं पोरही जाणतं. पण पायाच्या अंगठ्याचं नाव निघालं की, 'छोटंसं तर ऑपरेशन!'

यासाठी स्लॅबचं उदाहरण घेते; आपल्या नगर शहरातल्या सावेडीत राहणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. पाईपलाईन रोडला जा, तपोवन रोडला जा, कुठे ना कुठे सेंट्रिंग लागलेलं दिसतंच. स्लॅब पडतो त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यावर चढून फिरू शकता. वरून टणक, अंगठ्यानं दाबला तर खूणही उठत नाही. म्हणून मिस्त्री खालचे टेकू काढतो का? नाही काढत. वर वाफे करून पाणी साठवतो, कडेला गोणपाट ओला ठेवतो आणि मालकानं कितीही घाई केली तरी दिवस मोजतो. काँक्रीटची ताकद 28 दिवसांची धरतात, ती उगाच नाही. टेकू आधी काढले तर स्लॅब त्या क्षणी पडेलच असं नाही, पण झोल खातो. आणि एकदा खाल्लेला झोल पुन्हा सरळ होत नाही.

तुमच्या पायात ऑपरेशननंतर जो कडक तळाचा, बेंगरूळ बूट देतात, तो हा टेकू आहे. त्या बुटात भार टाचेवर जातो किंवा निदान चवडा वाकत नाही, त्यामुळे कापलेल्या हाडावर ओढ येत नाही. लोक मला म्हणतात, 'मॅडम, आत स्क्रू टाकलाय ना, मग बूट कशाला?' अहो, स्लॅबमध्येही गज असतात. गज आहेत म्हणून टेकू कोणी काढतं का?

आता दुखणं लवकर का थांबतं ते ऐका, कारण फसगत तिथेच होते. पहिली फसगत ऑपरेशनच्या संध्याकाळी. घोट्याजवळ भुलीचं इंजेक्शन दिलेलं असतं, पाय बधिर असतो, माणूस खुशीत असतो आणि भेटायला आलेल्यांना दारापर्यंत सोडायला जातो. रात्री भूल उतरली की कळतं. वेदनाशामक गोळी भूल पूर्ण उतरण्याआधी घ्यायला सांगतात ती याचसाठी, तेव्हा 'दुखेल तेव्हा बघू' म्हणू नका. दुसरी फसगत टाके निघतात तेव्हा, दहा ते चौदा दिवसांनी. कातडी जुळलेली, पट्टी लहान झालेली, दुखणं निम्म्यावर आलेलं. घरातल्या बाईला वाटतं, झालं आता. पण जुळली ती कातडी. आतलं हाड जुळायला साधारण सहा आठवडे लागतात आणि ते जुळलं की नाही हे एक्स-रे सांगतो, तुमचं मन सांगत नाही. काही ऑपरेशनांत सांधाच जखडून टाकतात, तिथे मुदत आणखी लांब असते आणि सुरुवातीला पाय टेकवायलाच मनाई असू शकते. म्हणून शेजारणीचा अनुभव आपल्या पायाला लावू नका. या ऑपरेशनाच्या शंभराहून जास्त पद्धती वैद्यकात नोंदलेल्या आहेत. तिची कोणती झाली, तुमची कोणती झाली, हे तुमच्या सर्जनलाच ठाऊक.

पहिले दोन आठवडे पाय उंच. उंच म्हणजे किती? समोरच्या स्टुलावर ठेवलेला पाय उंच नसतो, तो फक्त समोर असतो. आडवं व्हा, पायाखाली लोड किंवा दोन-तीन उशा घ्या आणि पाऊल छातीच्या वर येऊ द्या. पाऊल हे शरीराचं सगळ्यात खालचं टोक. सूज उतरून तिथेच साचते. सूज आली की टाके ताणतात, जखम ओली राहते. ज्येष्ठांनी पोटऱ्यांकडे लक्ष द्यावं. पोटरी दुखून सुजली, दम लागला, तर सकाळची वाट पाहू नये, दवाखाना गाठावा. ताप आला, पट्टीतून पू आला, तरी तेच. आणि जखमेवर हळद नको, लेप नको, तेल तर मुळीच नको.

जोडव्यांचं सांगते. ऑपरेशनच्या आधी ती काढायला सांगतात आणि त्यावरून काही घरांत सासूबाईंचा चेहरा उतरतो. शेजारचं बोट सुजलं की जोडवं रुततं, मग ते कापून काढायची पाळी येते. देवापुढे वाटीत काढून ठेवा. सूज पूर्ण उतरल्यावर घाला. नवऱ्याला काही होत नाही.

मिश्रीचं मात्र मी रागावूनच सांगणार आहे. मिश्री, तंबाखू, सिगारेट, काहीही असो, निकोटिन हाड जुळू देत नाही. 'मी कुठे खाते, नुसती लावते' हे मला नका सांगू. हिरडीतून ते रक्तातच जातं. तुम्ही स्लॅबवर पाणी मारताय आणि त्याच वेळी कोणी खालून टेकू हलवतंय, असं ते आहे. शुगर असेल तर तीही ताब्यात हवी.

उकिडवं बसणं, चवड्यावर बसून रांगोळी, खाली बसून भाजी निवडणं, भारतीय पद्धतीचा संडास, या सगळ्यात अंगठ्याचा सांधा मागे वाकतो आणि कापलेल्या हाडावर जोर येतो. तेवढ्या काळापुरती कमोडची खुर्ची आणा, भाड्यानंही मिळते. आंघोळ स्टुलावर बसून, पायाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून. गाडीचं म्हणाल तर 'डावा पाय आहे, ब्रेक उजव्या पायाला आहे' हा हिशेब मोटरसायकलवाले करतात. गिअर कशानं टाकता? डाव्या पायाच्या अंगठ्यानंच! स्कूटीचा साइड स्टँडही डाव्याच पायानं लावता. आणि मनमाड रोडला समोर अचानक कोणी आलं तर पाय टेकवण्याआधी विचार करायला वेळ मिळतो का? म्हणून एक्स-रे बघून डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडीची किल्ली दुसऱ्याकडे.

अंगठ्याचा व्यायाम हा खरं तर माझा विषय. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि बोलायला लागले ते स्लॅबवर! तर, सर्जननी परवानगी दिली की अंगठा मुळाशी धरून हळूहळू वर-खाली वाकवायचा. चालताना शेवटचा रेटा अंगठा देतो. तो ताठर राहिला की माणूस पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालायला लागतो, मग गुडघा, मग कंबर... त्यावर स्वतंत्र बोलावं लागेल. इतकंच लक्षात ठेवा, की परवानगीआधी वाकवणं चूक आणि परवानगीनंतर घाबरून न वाकवणं ही तेवढीच चूक.

आपल्याकडे आणखी एक प्रश्न हमखास येतो : 'वारीला जाता येईल का?' निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरला निघते ती आपल्या नगरावरूनच जाते; तिच्याबरोबर चालणाऱ्या बायका इथे घरोघरी आहेत. जाता येईल, पण ऑपरेशन वैशाखात करून आषाढीला नाही. पायाची सूज सहा-सहा महिने रेंगाळते, कधी वर्षभरही. चालायचंच असेल तर संक्रांतीच्या आसपास ऑपरेशन उरकण्याबद्दल सर्जनशी बोला. नवरात्रातल्या अनवाणी नवसाचंही तेच. मोहटादेवीला पुढच्या वर्षी जा.

पुढच्या पादत्राणांबद्दल बरंच सांगायचं होतं. हाँगकाँगमधला 1958 साली छापलेला एक अभ्यास आहे. त्यात बूट वापरणाऱ्यांपैकी 33 टक्के लोकांत हा दोष सापडला आणि अनवाणी वावरणाऱ्यांत दोन टक्क्यांहून कमी. याचा अर्थ सगळा दोष चपलेचा असा नाही, ठेवण आईकडून-आजीकडूनही येते. पण निमुळता सँडल त्या ठेवणीला हातभार लावतो. अंगठ्याची कोल्हापुरीही काही महिने नको, कारण तो पट्टा नेमका... काचेपलीकडून दोन मिनिटांची खूण झाली आहे, तेव्हा हे राहू द्या. पुढचा भाग रुंद, तळ कडक, मागे पट्टा, एवढं बघून घ्या.

आणि हो, उंचवटा आहे पण दुखत नाही, चपलेत पाय मावतो, असं असेल तर केवळ दिसायला वाईट म्हणून ऑपरेशन करू नका. हे आधी सांगायला हवं होतं.

पुन्हा तेच सांगते, कारण मधेच कोणी रेडिओ लावला असेल. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुखायचं थांबेल. तेव्हा बूट काढावासा वाटेल, ओट्याशी उभं राहावंसं वाटेल, आणि घरचेही म्हणतील, 'आता तर तुला बरं आहे.' त्या दिवशी एक्स-रे झालेला नसेल तर टेकू जागेवरच राहू द्या.

आता शेवटचं, पेशंटला नव्हे तर घरातल्या पुरुषांना आणि मोठ्या मुलांना. माझ्याकडे येणाऱ्या या पेशंटांत बायकाच जास्त असतात आणि त्या घाईनं उठतात त्या हौसेनं नाही. डबा कोण भरणार, पाणी आल्यावर मोटर कोण लावणार, भाकरी कोण थापणार, म्हणून उठतात. ऑपरेशनची तारीख ठरवाल त्याच दिवशी पुढच्या सहा आठवड्यांची ही कामं घरात वाटून घ्या, आणि पोळ्या-भाकरीला बाई लावायची असेल तर तीही त्याच दिवशी ठरवा.