पावणेचार रूबलचा बर्गर

शहरात गेलं की पोरं परदेशी दुकानातला बर्गर मागतात आणि आपण किंमत बघून गप्प होतो. ती किंमत वाजवी की महाग, हे ठरवायचं कसं?

३१ जानेवारी १९९०, रशियातलं मॉस्को. ऐन थंडीत मॅकडोनाल्ड्स या अमेरिकी कंपनीचं तिथलं पहिलं दुकान उघडलं. पहिल्याच दिवशी तीस हजारांवर गिऱ्हाईक! बिग मॅक नावाचा बर्गर पावणेचार रूबलला. तेव्हा तिथल्या मेट्रो रेल्वेचं तिकीट पाच कोपेक, आणि शंभर कोपेकचा एक रूबल. म्हणजे एका बर्गरच्या पैशात ७५ वेळा मेट्रोत बसता आलं असतं. तरी लोक रांगेत उभे राहिले. नवलाई होती, आणि एरवीची दुकानं रिकामी.

डॉलरला रुपयांनी गुणून किंमत कळत नाही. कष्टाचे तास मोजावे लागतात. अमेरिकेत सरकारने ठरवलेली किमान मजुरी तासाला सव्वासात डॉलर आहे. साडेपाच डॉलरचा बर्गर घ्यायला तिथल्या बाईला पाऊण तास राबावं लागतं. आपल्याकडे समजा रोज ३०० रुपये आणि बर्गर दीडशेचा. अर्धा दिवस वाकून खुरपायचं, तेव्हा एक बर्गर! माझ्या मते आपल्या कमाईला हा भाव परवडणारा नाही. पोरांना वर्षातून एकदा खाऊ घातला तर काय बिघडतं, ते वेगळं.

आता त्यातल्या बटाट्याचं शेतकऱ्याला किती मिळतं? आपल्या बाजारातला भाव पुढच्या बैठकीला लिहून आणा, हिशेब तिथेच मांडू.