जाहिरातीचं पान

मासिक हाती आलं की आपण मुखपृष्ठ पाहतो, गोष्ट वाचतो; जाहिरातीचं पान मात्र तसंच उलटून टाकतो. एका मासिकाला या पानानंही कोर्टात खेचलं, ती हकीकत ऐकण्याजोगी आहे.

लॉस एंजेलिसमध्ये जानेवारी १९५३ मध्ये ‘वन’ नावाचं छोटंसं मासिक निघालं. किंमत पंचवीस सेंट. समलिंगी माणसांनी स्वतःविषयी चालवलेलं. आता मासिक टपालानं पाठवायचं म्हणजे ते सरकारच्या हातून जाणार! १९५४ चा ऑक्टोबरचा अंक पोस्टमास्तर ओटो ओलेसन यांनी अश्लील म्हणून अडवला. गंमत अशी की, काय छापता येतं आणि काय नाही, हे त्याच अंकात मासिकाच्या वकिलानं वाचकांना समजावून सांगितलं होतं! आक्षेप होता एका कथेवर, एका विनोदी कवितेवर आणि एका जाहिरातीवर. जाहिरात कसली? तर झुरिकच्या ‘डेर क्राइस’ या समलिंगी मासिकाची. ती दिसायला निरुपद्रवी होती. पण अश्लील वाचन कुठे मिळेल याचा पत्ता ती देते, म्हणून तीही दोषी. म्हणजे शेजाऱ्याचं घर दाखवणं हाच गुन्हा! खालच्या दोन्ही कोर्टांनी मासिकाविरुद्ध निकाल दिला. १३ जानेवारी १९५८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला, तोंडी युक्तिवादही न ऐकता.

टपालाची वाट मोकळी झाली, पण व्यापारी का लगेच पुढे येतात? १९६७ साली निघालेल्या ‘ॲडव्होकेट’मध्ये आरंभी बहुतेक जाहिराती दारूच्या गुत्त्यांच्या आणि खासगी छोट्या निवेदनांच्याच. १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘ॲब्सोल्यूट’ या स्वीडिश व्होडकानं तिथे पान घेतलं. मोठ्या कंपन्या बिचकत असताना ते धाडसाचंच होतं. त्यात आदर किती आणि गिऱ्हाइकाच्या खिशावरची नजर किती, हे आपण ओळखालच. मला विचाराल तर, खिसा दिसला म्हणूनच माणूस दिसला.

आपल्या मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९० साली ‘बॉम्बे दोस्त’ काढलं. २००२ मध्ये ते थांबलं आणि २००९ मध्ये पुन्हा निघालं.

तिकडे १९९० च्या दशकात ‘सुबारू’ मोटारीच्या जाहिरातींनी निराळीच युक्ती केली. गाडीच्या नंबरपाटीवर ‘झीना’ या दूरदर्शन मालिकेचं किंवा प्रॉव्हिन्सटाउन गावाचं सूचक नाव घालायचं. ज्या बाईला खूण पटायची, तिला ती पटायची. बाकीच्यांना नुसती मोटार दिसायची.