नव्या मुलखातली रायफल

श्रोतेहो, एका कवीने रायफलीवर बोलावे हे ऐकायला थोडे विचित्र वाटेल. आमचा व्यवहार शब्दांशी. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत सोलापूर, बार्शी, अक्कलकोट भागातली मुले दूरदूरच्या देशांत गेली आणि तिथून ती जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे घरातल्या वडीलधाऱ्यांना शोधावी लागतात. ज्वारीचे पीठ कुठे मिळेल, पोरांना मराठी कशी शिकवू, हे प्रश्न आता नेहमीचे झाले. माझा एक भाचा न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर राहतो. त्याचा प्रश्न मात्र वेगळा होता. ‘मामू, इथले सोबती शिकारीला जातात. मलाही परवाना काढून रायफल घ्यायची आहे. बोअर कुठला घेऊ?’

प्रश्न बोअरचा होता, पण तो उकलताना बरेच काही हाती लागले. तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी बोअर म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे जुन्या लोकांच्या तोंडी ‘बारा बोअर’ हा शब्द असतो. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची बंदूक. म्हणून आकडा वाढला की नळी लहान होते. ही छऱ्यांची बंदूक. तितर, लावा, ससा यांच्यासाठी. रायफलीचा हिशेब निराळा. तिच्या नळीत आतून पीळ असतो, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. तिचा आकडा इंचात मोजतात. पॉइंट ३०८ म्हणजे इंचाच्या हजारांपैकी ३०८ भाग, म्हणजे आठ मिलिमीटरला थोडी कमी जाडीची गोळी.

आमच्या आजोबांकडे एकनळी बारा बोअर होती. उत्तर सोलापूर, मोहोळ, करमाळ्याच्या माळांवर त्या काळी काळवीट, चिंकारा आणि माळढोक दिसत. माळढोक तर दख्खनमध्ये इतके होते की, एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने इथल्या पक्ष्यांची नोंद केली तेव्हा एका गृहस्थाने हजारभर माळढोक टिपल्याचा उल्लेख केला. आज नान्नजच्या माळावर एखादा माळढोक दिसला तर ती वर्तमानपत्राची बातमी होते. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यात काही प्राण्यांच्या शिकारीला परवान्याची वाट ठेवली होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. १९७९ मध्ये नान्नज परिसरात माळढोक अभयारण्य झाले. आजोबांची बंदूक भिंतीवर राहिली. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची, एवढाच तिचा प्रवास उरला. अखेर घरच्यांनी ती कायमची जमा करून टाकली. त्यामुळे आमच्या पिढीला बंदूक ठाऊक आहे ती कागदपत्रांपुरती.

नव्या मुलखात आल्यावर बोअर कुठला घ्यावा, हा प्रश्न एकेकाळी हिंदुस्थानात येणाऱ्या साहेबांनाही पडत असे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि गोऱ्या माणसाला सूट दिली. तरी एका बाबतीत साहेबालाही सरकारने अडवले. पॉइंट ४५० च्या रायफली वाघा-हत्तींसाठी लोकप्रिय होत्या. पण त्या मापाच्या लष्करी बंदुका बंडखोरांच्या हाती होत्या आणि शिकाऱ्यांची काडतुसे त्यांच्यापर्यंत पोचतील, अशी सरकारला भीती होती. १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात हा बोअर बंद झाला. मग विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी ४६५, ४७०, ४७५ असे शेजारचे बोअर काढले. आफ्रिकेत पुढे नावाजलेला पॉइंट ४७० अशा रीतीने आपल्या देशातल्या बंदीतून जन्मला.

ही भीती आपल्या कायद्यातही उरली आहे. लष्कराच्या काडतुसांशी जुळणारे बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध असतात. म्हणून सरकारी कारखान्यांनी नागरिकांसाठी पॉइंट ३१५ ची रायफल बनवली. तिचे काडतूस फौजेच्या कामाचे नाही. आणि भाचा जिथे राहतो तिथे दुकानात सर्वांत सहज मिळणारे काडतूस कोणते, तर पॉइंट ३०८, जे लष्कराच्या ७.६२ चे जुळे भावंड. इथे जे निषिद्ध ते तिथे वाण्याच्या दुकानातल्या साखरेसारखे. देश बदलला की एकाच धातूच्या नळीचा अर्थ बदलतो, तो असा.

आता तिथली शिकार. न्यूझीलंडमध्ये माणूस पोचण्याआधी जमिनीवरचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळे होती. हरणे, शेळ्या, ससे हे सारे नंतर आणून सोडलेले. हौशी गोऱ्या वसाहतवाल्यांनी विलायतेतून लाल हरीण नेले, सिलोनमधून सांबर नेले. १९०४ साली आपल्या हिमालयातला टाहर, म्हणजे दाट आयाळीचा रानबोकडासारखा प्राणी, माउंट कुकच्या पायथ्याशी सोडला. त्याला खाणारा वाघ, बिबट्या तिथे कुणी नाही. कळप वाढले, डोंगरावरची दुर्मीळ झाडेझुडपे फस्त होऊ लागली. १९९३ मध्ये तिथल्या सरकारने ठरवले की टाहर दहा हजारांच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. तोच टाहर आपल्याकडे हिमालयात कायद्याच्या कडक संरक्षणाखाली आहे. इथे त्याला मारले तर तुरुंग. तिथे मारला तर रान वाचवल्याबद्दल शाबासकी.

भाच्याने हे सांगितले तेव्हा मी त्याला म्हणालो, ‘म्हणजे बाहेरून आलेल्या प्राण्याला बाहेरून आलेला माणूस मारणार.’ तो हसला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, ‘मामू, हे माझ्याही मनात आलं होतं. पण टाहर स्वतः आला नाही, त्याला आणलं. मी माझ्या पायानं आलो. इथलं रान सांभाळायचं काम आता माझ्याही वाट्याचं.’ मला ते उत्तर पटले.

मग बोअरचे पाहू लागलो. फौजेतून निवृत्त झालेल्या मित्रांना विचारले, पुस्तके चाळली. सशासाठी पॉइंट २२ ची छोटी रायफल पुरते. रानशेळीला २२३ चालते. हरणासाठी २४३ पासून पुढे. २७०, सात मिलिमीटर-०८, साडेसहा क्रीडमूर, ३०८ यांपैकी कुठलीही लाल हरणाला आणि टाहरला पुरेशी. तीनशे मॅग्नमसारख्या जबर काडतुसांचा मोह नवख्याला होतो. पण त्यांचा धक्का खांद्याला असा बसतो की, पुढच्या वेळी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात. नेम चुकतो, आणि जखमी जनावर दरीत कुठेतरी तडफडत मरते. जिम कॉर्बेट यांना चंपावतची वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये जी रायफल भेट मिळाली, ती पॉइंट २७५ ची होती, म्हणजे हल्लीच्या सात मिलिमीटरची. नरभक्षकांच्या मागे फिरणाऱ्या माणसाने एवढ्या मापावर पुढे वर्षानुवर्षे भरवसा ठेवला.

मी भाच्याला सांगितले, ३०८ घे. काडतूस गावोगावी मिळते, धक्का सोसवतो. बोल्ट मागे ओढून एकेक काडतूस चढवायची साधी रायफल घे. डोंगर चढायचा आहे, म्हणून वजनाला हलकी बघ, पण इतकीही हलकी नको की धक्का वाढेल. वाचलेले पैसे दुर्बिणीवर आणि सरावाच्या काडतुसांवर घाल. आणि घाई करू नकोस. परवानाधारक सोबती शेजारी उभा असेल तर त्याची रायफल चालवून पाहायची तिथे मुभा आहे. दोन-तीन निरनिराळ्या खांद्याला लावून बघ, मग ठरव.

माझ्या बहिणीचा, म्हणजे त्याच्या आईचा, बोअरशी संबंध नव्हता. तिचे म्हणणे एकच, ‘बंदूक नको.’ त्याला कारण होते. १५ मार्च २०१९ रोजी शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत एका माणसाने ५१ जणांना गोळ्या घातल्या. मृतांत आपल्या देशातले लोकही होते. मारेकऱ्याकडे रीतसर परवाना होता. त्यानंतर महिन्याच्या आत तिथल्या संसदेने लष्करी पद्धतीच्या अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी घातली आणि सरकारने पन्नास हजारांहून अधिक बंदुका पैसे देऊन लोकांकडून परत घेतल्या. पुढे २०२३ पासून प्रत्येक बंदुकीची नोंदणी सुरू झाली. त्याआधी परवाना माणसाला मिळे, बंदुका किती याचा हिशेब सहसा कुणी मागत नसे.

आता परवान्यासाठी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. पोलिसांकडून चौकशी होते, जवळच्या माणसांना विचारले जाते, रायफल ठेवायची कुलूपबंद जागा घरी येऊन पाहतात. भाच्याच्या बायकोला विचारले, ‘यांच्या हाती रायफल असताना तुम्हाला घरात सुरक्षित वाटेल का?’ बहिणीला मी हे सांगितले तेव्हा ती गप्प झाली. म्हणाली, ‘सुनेला विचारलं? मग ठीक आहे.’ भीती गेली असे नाही. पण जिथे घरातल्या बाईचा शब्द सरकारी कागदावर चढतो, तिथे थोडा विश्वास ठेवता येतो.

एक प्रश्न तरी उरलाच. मांस हलाल होईल का? मी आलिम नाही, मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस आहे. एवढे मला कळते की, इस्लाममध्ये शिकारीला परवानगी आहे, अल्लाचे नाव घेऊन सोडलेल्या बाणाची आणि शिकवलेल्या कुत्र्याची शिकार चालते. गोळीबद्दल मात्र मतभेद आहेत. हनफी आलिमांपैकी अनेकांचे म्हणणे असे की, गोळी कापत नाही, आघात करते. म्हणून जनावर जिवंत हाती लागून जबह झाले तरच ते खावे. दुसऱ्या काही आलिमांच्या मते गोळी शरीर भेदून जाते, म्हणून बिस्मिल्ला म्हणून झाडली असेल तर चालते. इथे शिकाऱ्याचा धर्म आणि खाणाऱ्याचा नियम समोरासमोर येतात. चांगला शिकारी एका गोळीत जीव जावा असे पाहतो. जबह करायचे तर जीव थोडा उरायला हवा. मी भाच्याला म्हणालो, ‘तुझ्या इमामसाहेबांना विचार, ते सांगतील तसं खा किंवा शेजाऱ्याला देऊन टाक. पण जनावर जिवंत सापडावं म्हणून मुद्दाम वाईट नेम धरू नकोस. कुठलाही आलिम तुला ते सांगणार नाही.’ त्याने तेच केले. पहिल्या हरणाचे मांस शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी गेले.

श्रोतेहो, तिथल्या सुरक्षिततेच्या नियमांत एक नियम फार जोर देऊन शिकवतात. समोर काय आहे याची पूर्ण खात्री झाल्याशिवाय चापावर बोट नेऊ नका. कारण झाडीत हलणारी सावली हरणाची समजून शिकाऱ्याने आपल्याच सोबत्याला मारल्याचे प्रसंग तिथे घडले आहेत. ३०८ ची गोळी साधारण दहा ग्रॅमची, आपल्या सोनाराच्या एका तोळ्याएवढी. चुकली तर तीन किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते, आणि वाटेत कोण आहे हे तिला कळत नाही. बोअर कुठलाही घ्या, तो तुमच्यासाठी हे काम करत नाही. सावलीकडे पाहून आधी ओळख पटवायची, हे काम डोळ्यांचे आहे, आणि ते रानात जितके लागते तितकेच गावातही लागते.