नाकावरची जखम

मंडळी, आज धडा वाचायचा नाही. आज मी बोलणार आहे. मागे बसलेल्या बायांनी थोडे पुढे सरकावे, कारण बोलणे चुलीपासून सुरू होणार आहे.

आमच्या कुटुंबाने चाळीस वर्षे चुलीपुढे काढली. पावसाळ्यात सरपण ओले. घर धुराने भरायचे. तिने आयुष्यात बिडी ओढली नाही, पण त्या धुराने तिची फुप्फुसे खराब झाली. या दुखण्याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. २०१८ च्या थंडीत तिचा दम इतका वाढला की बोलता येईना. आम्ही तिला शहरातल्या इस्पितळात नेले.

तिथे तिला बायपॅप नावाचे यंत्र लावले. हे यंत्र नळीतून हवा ढकलते. माणूस श्वास आत घेतो तेव्हा जोरात, बाहेर सोडतो तेव्हा हळू. थकलेल्या छातीला हातभार लागतो आणि अंगात साठलेला खराब वायू बाहेर पडतो. घशात नळी घालावी लागत नाही. नाकातोंडावर एक मास्क बसवतात आणि डोक्यामागून पट्ट्यांनी बांधतात.

आता माझी चूक ऐका.

रात्री मी तिच्याजवळ होतो. तिची दातांची कवळी मी काढली आणि रुमालात बांधून ठेवली. मला वाटले, झोपताना कशाला हवी. कवळी काढल्यावर गाल आत गेले. मास्क सैल झाला, बाजूने हवा सुसू करायला लागली. मी म्हटले, औषधाची हवा फुकट चालली! आणि दिली पट्टी आवळून. सिस्टरला विचारले नाही. हेडमास्तर ना मी! दुसऱ्याला विचारायची सवयच नव्हती.

दोन दिवसांत नाकाच्या दांड्यावर कातडी लाल झाली. तिसऱ्या दिवशी सोलली. चौथ्या दिवशी ती मास्क लावू देईना. हात लावला की ओरडायची, "अहो, नको हो!" मास्क काढून ठेवला, तर थोड्या वेळाने तिला गुंगी यायला लागली. खराब वायू पुन्हा साठत होता. जखम दिसायला भुईमुगाच्या दाण्याएवढी. पण तिच्यापायी जीव वाचवणारे यंत्रच बंद पडायची पाळी आली. घशात नळी घालावी लागेल की काय, अशी डॉक्टरांची बोलणी चालली होती.

तुम्ही शेतकरी आहात. जुवाने बैलाचा खांदा सोलतो, हे तुम्हाला मी काय सांगू? जू नीट बसले नाही, घासले, की दोन दिवसांत खांदा सुजतो. मास्कचे तसेच आहे. गालाला मांस असते, ते दाब सोसते. नाकाच्या दांड्यावर मांस नाही. वर पातळ कातडी, खाली लगेच हाड. कातडीला रक्त पुरवणाऱ्या नळ्या केसाहून बारीक. भाजीच्या वाफ्याला पाणी देताना रबरी नळीवर पाय पडला तर पुढे पाणी जाते का? तसे रक्त थांबते आणि कातडी मरते. त्यात मास्कखाली वाफ आणि घाम. ओली कातडी लवकर सुटते.

तिथली एक सिस्टर माझ्या मुलीच्या वयाची. तिने मला समोर बसवून शिकवले. ती म्हणाली, "गुरुजी, मास्क हवाबंद डबा नाही. थोडी हवा गळाली तर यंत्र भरून काढतं. फक्त डोळ्यात हवा जायला नको. जास्त गळत असेल तर मास्क थोडा उचलून पुन्हा बसवायचा. तरी थांबली नाही तर आम्हाला हाक मारायची. आवळायचं नाही." पट्टीखाली एक-दोन बोटे सहज सरकली पाहिजेत. दोन्ही बाजू सारख्या हव्यात. कवळी काढायची का ठेवायची, ते डॉक्टरांना विचारायचे, कारण त्यावर मास्कचे माप बदलते. आणि एक सांगतो. मास्कला किंवा नळीला बारीक भोके मुद्दाम ठेवलेली असतात. सोडलेला श्वास तिथून बाहेर जातो. गळती समजून ती कुणी बुजवू नका!

मग तिने मास्क बदलला. नाकाच्या दांड्यावर न टेकणारा दुसरा आणला. जखमेवर पातळ चिकट पट्टी लावली. ही पट्टी खरे तर जखम होण्याआधीच लावायची असते, पहिल्या दिवसापासून. पातळच हवी. जाड कापूस कोंबला तर दाब वाढतो आणि हवाही गळते.

पोळ्याच्या आधी आपण बैलाचा खांदा लोणी-हळदीने मळतो. म्हणून माझ्या मेहुणीने हळद आणि तूप आणले होते. प्रेमाने आणले, पण सिस्टरने लावू दिले नाही. तेला-तुपाने पट्टी चिकटत नाही, मास्क घसरतो. ऑक्सिजन चालू असेल तर तेलकट वस्तू आणि आग दोन्हींची भीती. लाल झालेली जागा चोळायचीही नाही. आतली कातडी आणखी दुखावते.

लाली कशी ओळखायची? मास्क काढल्यावर थोडा लालपणा राहतोच. तो अर्ध्या तासात गेला पाहिजे. बोटाने दाबून बघा. पांढरे होऊन पुन्हा लाल झाले, तर रक्त फिरते आहे. दाबूनही रंग बदलला नाही, तर इजा सुरू झाली. पण आपली कातडी सावळी. तिच्यावर लाली नीट दिसत नाही. म्हणून हात लावून बघायचे. ती जागा गालापेक्षा गरम आहे का, कडक किंवा पिचपिचीत आहे का, काळी-जांभळी दिसते का, दुखते का. दुखणेकऱ्याने "दुखतंय" म्हटले तर खरे माना. मी चार वेळा "होईल सवय" म्हणालो होतो.

मास्क किती वेळ काढायचा, हे मात्र डॉक्टरच ठरवतात. काहींना जेवण्यापुरता काढता येतो, काहींना तेवढाही नाही. जेव्हा काढतील तेव्हा तोंड पुसा, कोरडे करा, कातडी बघा. मास्कची गादीही धुवायची. चिकट गादी घासते.

करोनाच्या दिवसांत, २०२० आणि २०२१ मध्ये, कितीतरी घरांतल्या माणसांना असे मास्क लागले. दिवसरात्र घट्ट मास्क घालणाऱ्या सिस्टरांच्या नाकांवरही वळ पडले.

आमची जखम भरायला तीन आठवडे लागले. आता यंत्र घरी आहे, रात्री लावतो. चूल गेली, गॅस आला, पण फुप्फुसे काही परत येत नाहीत. पट्टी मी बांधतो. ती लगेच म्हणते, "बोट घालून बघा." मी बघतो. मग ती आपलेही बोट घालून बघते. माझ्यावर अजून भरवसा नाही!

सकाळी ती आरशात नाक बघते. उशाशी एक वही आहे. त्यात तारीख आणि मास्क लावल्याची, काढल्याची वेळ असते. तुमच्याच वर्गात दोन वर्षांपूर्वी ती अक्षरे शिकली. आज सकाळी तिने लिहिले, "नाक ठीक. डावा गाल थोडा लाल." ठीकमधली वेलांटी ऱ्हस्व काढली आहे. मी दुरुस्त केली नाही. डाव्या बाजूची पट्टी तेवढी सैल केली.