ताकद वाढवली, गिअरबॉक्सचं काय?

गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी छोटी गाडी आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. दोन रुळांत अंतर अवघं ७६२ मिलिमीटर! वाफेनंतर तिला ओढायला आली ती चित्तरंजनची झेडडीएम-४ए डिझेल इंजिनं, ७०० अश्वशक्तीची. त्यांच्या पोटात होतं ‘सुरी ट्रान्समिशन’. ते घडवणारे भारतीय अभियंता एम. एम. सुरी यांना १९६२चा भटनागर पुरस्कार मिळाला.

त्यांची युक्ती अशी. गाडी जागची हलवताना ताकद तेलातून न्यायची. एक पंखा तेल ढकलतो, त्या तेलानं दुसरा फिरतो. हाच टॉर्क कन्व्हर्टर. पण तेल थोडं घसरतंच आणि घसरणीत गेलेली ताकद उष्णता होऊन बसते. म्हणून वेग आला की तेलाची वाट सोडून थेट यांत्रिक जोड! आजच्या ऑटोमॅटिक मोटारीतला ‘लॉक-अप क्लच’ याच विचाराचा.

हल्ली हौशी मंडळी इंजिनाला मोठा टर्बो बसवतात, संगणकावर ट्यूनिंग करून घेतात. गिअरबॉक्स मात्र जुन्याच हिशेबाचा. मग आतल्या क्लच प्लेटा पकड सोडतात. इंजिन ओरडतं, गाडी पुढे जात नाही, तेल काळं पडून करपल्याचा वास येतो. एवढं झालं की नुसतं तेल बदलून भागत नाही, पेटी उघडावीच लागते.

म्हणून पहिला खर्च तेल थंड करणाऱ्या कूलरवर करावा. विदर्भातल्या मे महिन्यात बाहेरची हवाच तापलेली, ती तेलाला काय थंड करणार? कूलर ऐसपैस हवा. त्यानंतर चांगल्या प्रतीच्या किंवा जास्त प्लेटा, तेलाचा वाढीव दाब आणि त्याला जुळणारं गिअरबॉक्सच्या संगणकाचं प्रोग्रॅमिंग. जास्त फेऱ्यांवर पकडणारा कन्व्हर्टर अगदी शेवटी, कारण तो उष्णता वाढवतो. पुष्कळ जण नेमकी त्याच्यापासूनच सुरुवात करतात! तेल कंपनीनं सांगितलेल्या प्रतीचंच घाला.

एक खुलासा. २०१४मध्ये सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेल्या एएमटीत टॉर्क कन्व्हर्टर नसतो. तो साधाच गिअरबॉक्स, क्लच दाबणं आणि गिअर बदलणं तेवढं यंत्र करतं. त्याला हा हिशेब लागू नाही.

आणि गाडीच्या मूळ रचनेला हात लावण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काय म्हणतं, ते आरटीओत विचारून घ्या. मिस्त्रीला मात्र सांगा, तेलाचं तापमान दाखवणारा काटा डॅशबोर्डवर बसव, मगच पुढचं काम.