श्रवणयंत्र मिळाले, आता ते रोज चालले पाहिजे
(सातारा व सांगली जिल्ह्यांतील वस्ती-कार्यकर्ते, आश्रमशाळांचे अधीक्षक आणि पालक यांच्या बैठकीतील भाषण)



कानाचा आजार आणि त्याची तपासणी याबद्दल डॉक्टर सांगतात. मी यंत्र हातात पडल्यानंतरच्या गोष्टीबद्दल बोलणार आहे.

दवाखान्याची वाट आपल्या भागाला नवी नाही. मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय सुरू केले. यंत्र मिळण्याच्याही वाटा आहेत. केंद्र सरकारची एडिप योजना १९८१ पासून चालू आहे. साठीच्या पुढच्या गरजूंसाठी २०१७ मध्ये राष्ट्रीय वयोश्री योजना आली. तरीही शिबिरानंतर काही महिन्यांनी वस्तीवर गेले, की यंत्र कानात दिसत नाही. ते ट्रंकेत, फडक्यात गुंडाळून ठेवलेले असते. "बंद पडलं, ताई," असे सांगतात. हातात घेऊन पाहावे, तर पुष्कळदा ते बिघडलेले नसतेच. चार्ज केलेले नसते, नाहीतर ओल धरलेली असते, नाहीतर नळीत मळ अडकलेला असतो.

यात नुकसान कोणाचे होते? लहान मूल भाषा ऐकून शिकते, आणि पहिली काही वर्षे त्यासाठी सर्वांत मोलाची असतात. यंत्र दोन महिने बंद राहिले, तर त्या लेकराचे दोन महिन्यांचे शब्द गेले. आपल्या कातकरी आणि फासेपारधी मुलांना घरची बोली वेगळी आणि शाळेची मराठी वेगळी, अशा दोन भाषा शिकायच्या असतात. त्यात ऐकूच आले नाही, तर मूल मागे बसते, आणि लोक म्हणतात, "मंद आहे."

श्रवणयंत्रे दोन प्रकारची असतात. एकात बटणासारखा सेल घालतात. तो संपला की टाकायचा आणि नवा आणायचा. निळ्या खुणेचा ६७५ नंबरचा किंवा नारिंगी खुणेचा १३ नंबरचा सेल गावच्या दुकानात मिळत नाही. त्यासाठी कऱ्हाडला नाहीतर मिरजेला जावे लागते. दुसऱ्या प्रकारात बॅटरी आतच बसवलेली असते आणि यंत्र चार्जरच्या डबीत ठेवून चार्ज करायचे. म्हाताऱ्या माणसांच्या थरथरत्या बोटांना हे सोपे जाते, आणि सेलचा खर्चही वाचतो. मात्र बटणाचा सेल किंवा सुटी बॅटरी घरात असेल, तर ती तान्ह्या लेकरांपासून दूर ठेवा. गिळली गेली, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

चार्जिंगचे काम रात्रीचे. झोपताना यंत्र काढा, कोरड्या मऊ फडक्याने पुसा आणि डबीत नीट बसवा. दिवा लागला का, ते पाहिल्याशिवाय तिथून हलू नका. दिव्याच्या रंगाचा अर्थ कंपनीप्रमाणे बदलतो, म्हणून यंत्र घेतानाच तो विचारून घ्या आणि चार्जरवर मराठीत चिठ्ठी चिकटवा. पूर्ण चार्ज व्हायला साधारण तीन-चार तास लागतात, आणि मग दिवसभराचे काम भागते. वीज गेली तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. काही यंत्रे चार्जरची वीज तुटताच आपोआप सुरू होतात आणि डबीतच उतरतात. सकाळी कानात घालण्यापूर्वी एकदा तपासा.

आता आपल्या मुलखाचे पाहू. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे पावसाळ्याचे चार महिने भिंतीसुद्धा ओल्या असतात. तिथे यंत्राचा शत्रू ओल. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि चार्जिंग झाले की यंत्र त्यात ठेवा. भिजलेले किंवा घामेजलेले यंत्र तसेच चार्जरवर ठेवू नका. आधी पुसा, वाळू द्या. वाळवायला चुलीजवळ, निखाऱ्यावर किंवा उन्हात कधीही ठेवू नका.

माण, खटाव, आटपाडी, जतकडे उलटी गत. तिथे धूळ आणि ऊन. पत्र्याच्या खोलीत दुपारी जी धग असते, ती बॅटरीचे आयुष्य खाते. म्हणून तिथे रात्री, गारव्यात चार्ज करा. चार्जरच्या आतल्या धातूच्या टिकल्यांवर धूळ बसली, तर यंत्र ठेवूनही चार्ज होत नाही. त्या कोरड्या फडक्याने पुसा, पाणी लावू नका. डोक्याला तेल लावले असेल, तर हात पुसून मगच यंत्राला हात लावा.

सर्वांत अवघड प्रश्न वीज नसलेल्या ठिकाणचा. कोयनेची वीज सगळ्या महाराष्ट्राला जाते, पण वीटभट्टीवरच्या झोपडीत, ऊसतोडीच्या कोपीत आणि माळावरच्या पालात प्लग नसतो. त्यावर उपाय आहे. या यंत्राला मोबाईलच्या मानाने फारच थोडी वीज लागते. बहुतेक चार्जर यूएसबीच्या वायरवर चालतात, म्हणजे पॉवर बँकवर किंवा यूएसबीची सोय असलेल्या सौर दिव्यावरही चालू शकतात. वायर त्याच चार्जरची वापरा. आफ्रिकेतल्या बोट्सवानात बधिर कामगारांनीच सूर्यावर चालणारे श्रवणयंत्राचे चार्जर बनवले आहेत. आपल्यासारखीच अडचण त्यांनाही होती. मुकादमाच्या किंवा दुकानदाराच्या घरी मोबाईल चार्जिंगला ठेवता ना? मग रात्री त्याच्या शेजारी ही डबीही ठेवायला सांगा. मात्र डबीवर नाव लिहा.

अधीक्षक मंडळींना एक विनंती. वसतिगृहात चार्जिंगची जबाबदारी एका माणसाच्या नावावर असू द्या. "सगळे बघतात" म्हणजे कोणीच बघत नाही. एक वही ठेवा: मुलाचे नाव, चार्ज केल्याची तारीख, सही. सुट्टीला घरी जाताना यंत्राबरोबर चार्जर आणि वायरही द्या. एका मुलीचे यंत्र दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले आणि चार्जर शाळेतच राहिला. महिनाभर ती कोऱ्या कानाने फिरली.

चार-पाच वर्षांनी बॅटरी थकते आणि संध्याकाळच्या आत उतरू लागते. याला घरचा उपाय नाही. यंत्र घरी उघडू नका, फुगलेल्या बॅटरीचे यंत्र चार्जरवर ठेवू नका आणि आगीत टाकू नका. ज्या केंद्रातून ते घेतले, तिथे कागद घेऊन जा. कानात दुखले, पू आला किंवा यंत्र चार्ज असूनही ऐकू येईना, तर डॉक्टरांना दाखवा. मळ असेल, तर घरची काडी कानात घालू नका.

पुढच्या महिन्यात वस्तीवर जाताना प्रत्येक यंत्रधारकाला तीन प्रश्न विचारा. यंत्र आज कानात आहे का? काल रात्री ते चार्ज केले का? पावसात किंवा धुळीत ते कुठे ठेवता? जिथे उत्तर अडखळेल, तिथे बसा, एकदा हातात घेऊन दाखवा आणि घरातल्या एका माणसाकडून करून घ्या. एवढे झाले, तरी ट्रंकेतली बरीच यंत्रे पुन्हा कानावर येतील. ते काम तुमच्याकडून होईल याची मला खात्री आहे.